हात फिरतो तोवर घर

कुलूप लावलेलं घर राहत्या घरापेक्षा लवकर खचतं. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण त्यामागची कारणं क्वचितच कुणी उलगडून सांगतं. वरवर पाहता उलटं व्हायला हवं. चालणं-वावरणं नाही, धुणं-पुसणं नाही, दारं आपटणं नाही. झीज कमी म्हणजे आयुष्य जास्त. प्रत्यक्षात दोन पावसाळे बंद राहिलेलं दार उघडलं की कुबट वास अंगावर येतो, भिंतीचे पोपडे खाली पडलेले असतात आणि कपाटातल्या कपड्यांवर बुरशीचे ठिपके उमटलेले असतात.

न्हाणीघरापासून सुरुवात करू. तिथल्या जाळीखाली पाण्याचा छोटासा साठा कायम असतो, साधारण ५० मिलिमीटर खोलीचा. गटाराची हवा आणि किडे वर येऊ नयेत म्हणून तेवढं पाणी आडवं उभं असतं. रोज आंघोळी होतात तोवर ते आपोआप भरलेलं राहतं. घर बंद झालं की काही आठवड्यांत ते उडून जातं आणि गटार थेट घरात उघडतं. नळांमधले रबरी वायसर पाण्याविना कडक होतात, आणि वर्षभराने कॉक फिरवला की तोटी ठिबकायला लागते. जमिनीतून आणि बाहेरच्या भिंतीतून आत झिरपणारा ओलावा राहत्या घरात उघड्या खिडक्यांमधून निघून जातो. बंद घरात तो सगळ्यात गार जागा शोधतो. ती जागा बहुतेक वेळा भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटाच्या पाठीमागे असते. बुरशी पहिल्यांदा तिथेच धरते.

गच्चीवर आणखी काही चाललेलं असतं. वाळक्या पानांनी पावसाळी पाइपाचं तोंड बुजतं, पाणी साचतं. पाखराच्या विष्ठेतून आलेलं वड-पिंपळाच्या जातीचं बी कठड्याच्या भेगेत रुजतं. पहिल्या वर्षी ते रोप दोन बोटांनी उपटता येतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुळं विटांच्या सांध्यांत शिरलेली असतात. मग वरून छाटून काही होत नाही, ते पुन्हा फुटतं, आणि तेवढा भाग उकलून मूळ काढल्याशिवाय सुटका नसते. वाळवीचंही तसंच. तिची मातीची नळी भिंतीवरून चढताना दिसली की राहणारा माणूस झाडूने ती पाडतो आणि बुडाशी औषध सोडतो. रिकाम्या घरात तीच नळी निवांत चौकटीपर्यंत पोचते.

यातलं एकही काम अवघड नाही. बहुतेक कामं राहणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत. तो आंघोळ करतो, खिडकी उघडतो, गच्चीवर वाळवण घालायला गेला की पायाने पानं बाजूला सारतो. राहणं म्हणजे काय, या प्रश्नाची पुष्कळ गहन उत्तरं दिली गेली आहेत. मला सगळ्यात खरं वाटतं ते उत्तर इथे आहे: वास्तूवरून नकळत, रोज, फिरणारा हात. जगातली तऱ्हेतऱ्हेची घरं या नजरेने पाहिली की त्यांचं वर्गीकरणच बदलतं. भिंत मातीची की बर्फाची, छप्पर उतरतं की सपाट, हे दुय्यम होतं. हे घर किती दिवसांनी माणसाचा हात मागतं, हा प्रश्न पुढे येतो.

बर्फाचं घर तो रोज मागतं. आर्क्टिकमधले इनुइट लोक इग्लू बांधताना आधी काठी खुपसून बर्फ तपासतात. एकाच वादळात पडलेला, वाऱ्याने घट्ट दाबलेला बर्फ हवा. दोन-तीन वेळच्या थरांचा असला तर ठोकळा थराच्या रेषेवर तुटतो. ठोकळे कापले की पहिलं वर्तुळ रचून त्याचा वरचा काठ तिरपा छाटतात. त्या उतारावरून पुढचे ठोकळे मळसूत्रासारखे वर चढत जातात आणि प्रत्येक ठोकळा थोडा आत झुकतो. आकार अर्ध्या चेंडूचा नसतो, त्याहून थोडा उंच निमुळता असतो. नेमक्या अर्धगोलाच्या बगला बाहेर फाकू पाहतात, आणि बर्फ दाब सोसतो पण ताण सोसत नाही. दाराची वाट झोपण्याच्या ओट्यापेक्षा खाली ठेवतात, म्हणजे जड गार हवा त्या खळग्यात साचते आणि उबदार हवा माणसांच्या पातळीवर राहते. सीलच्या चरबीवर जळणारा दिवा आतला पृष्ठभाग किंचित वितळवतो, तो पुन्हा गोठतो आणि ठोकळे एकजीव होतात. बाहेर उणे ४० अंश असताना आत शून्याच्या मागेपुढे तापमान राहतं.

पण हा समतोल आपोआप टिकत नाही. दिवा मोठा झाला तर छत ठिबकतं आणि घुमट बसायला लागतो. ठिबकणाऱ्या जागी मूठभर बर्फ दाबायचा. वरचं हवेचं भोक गोठून बुजलं तर दिव्याचा विषारी वायू आत कोंडतो. ते दिवसातून अनेकदा मोकळं करायचं. ज्याला आपण घर म्हणतो ती इथे जवळजवळ एक क्रियाच आहे, थांबली की संपली.

पेरू देशाच्या बाजूला, टिटिकाका सरोवरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर उरु लोक लव्हाळ्याच्या तरंगत्या बेटांवर राहतात. तिथे घराआधी जमीनच बांधावी लागते. लव्हाळ्याच्या मुळांचे मातीसकट कापलेले जाड ठोकळे दोरांनी एकमेकांना बांधतात, तळाशी खुंट ठोकून बेट जागी रोखतात आणि वर कापलेलं लव्हाळं आडवं-उभं पसरतात. पाण्याला टेकलेला थर सतत कुजत असतो, म्हणून वरून सतत नवा थर घालायचा. पावसाळ्यात हे काम जास्त वेळा येतं. झोपडीही अधूनमधून उचलून तिच्याखाली लव्हाळं भरावं लागतं, नाहीतर ती ओल ओढते. चूल दगडावर पेटवायची, कारण पायाखालची जमीनच जळाऊ आहे. आपल्या पायाखालची भुई कुजते आहे हे गृहीत धरून केलेला हा संसार मला थक्क करतो, कारण त्यात भ्रम अजिबात नाही.

मातीच्या घराची फेरी वर्षाची. येमेनमधल्या शिबाम गावात कच्च्या विटांचे सात मजल्यांपर्यंतचे मनोरे आहेत, बरेचसे सोळाव्या शतकापासूनचे. भिंती तळाशी जाड आणि वर निमुळत्या, माथ्यावर पावसाचा मारा घेणारा चुन्याचा लेप. हा लेप आणि गिलावा वेळोवेळी नवा केला तर मनोरा शतकं उभा राहतो. सोडून दिला तर थोडक्या पावसांत वितळू लागतो. २००८ च्या पुरात तिथलं बरंच नुकसान झालं. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये जेन्ने इथे मातीच्या भिंतीतून लाकडी खुंट्या मुद्दाम बाहेर काढलेल्या असतात. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत, दर खेपेच्या लिंपणाला तीच शिडी आणि तोच परांचा. बांधतानाच पुढच्या दुरुस्तीची पायरी भिंतीत रोवून ठेवायची, ही दूरदृष्टी आजच्या उंच इमारतींच्या काचेच्या भिंतींमध्ये शोधूनही सापडत नाही.

मातीबद्दल थोडं तपशिलाने सांगायला हवं, कारण हल्ली हौसेने मातीची घरं बांधली जातात आणि पाच वर्षांत हिरमोड होतो. आधी माती ओळखावी. उभट बरणीत एक तृतीयांश माती भरायची, पाणी घालून जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, त्यावर तासा-दोन तासांत बारीक पोयटा, आणि चिकणमाती खाली बसायला दिवसभर लागतो. थरांची जाडी मोजली की प्रमाण कळतं. चिकणमाती साधारण १५ ते ३० टक्के असावी. जास्त असेल तर भिंत सुकताना तडकते, मग वाळू आणि चिरलेला पेंढा मिसळायचा. कमी असेल तर भिंत हाताला भुरभुर लागते. जोतं दगडाचं आणि जमिनीपासून किमान दीड-दोन फूट वर, छपराची वळचण रुंद, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळत नाही आणि खालून उडालेले शिंतोडे बुडाला लागत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. लोक तो मजबुतीसाठी करतात. माती ओलावा घेते आणि सोडते. सिमेंटचा थर तो सोडू देत नाही. थराला बारीक चीर पडते, पाणी आत जातं, बाहेर येत नाही. वरून भिंत धडधाकट दिसत राहते आणि आतून तिचा चिखल होतो. एके दिवशी अख्खा थर सुटून येतो. चुना किंवा मातीचंच लिंपण करावं. ते झिजतं, दर वर्षी हात मागतं, आणि त्याच्या झिजण्यामुळेच मूळ भिंत वाचते.

जपानमधल्या शिराकावा खेड्यातली गवती छपरांची घरं तीस-चाळीस वर्षांत एकदा शाकारतात. छपराचा उतार सुमारे ६० अंशांचा, इतका तीव्र की बर्फ टिकत नाही. छपराचा सांगाडा खिळ्यांवाचून दोरांनी आणि लवचिक फांद्यांनी बांधलेला. शाकारणी एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असते, म्हणून अख्खं गाव येतं. आज तुमचं छप्पर, काही वर्षांनी माझं. पण मला त्यातली चूल जास्त महत्त्वाची वाटते. घराच्या मध्यभागी जमिनीत खोदलेल्या चुलीचा धूर वर चढतो, गवत कोरडं ठेवतो, किडे पळवतो, दोर आणि वासे काजळीने माखून टिकाऊ करतो. घरात माणसं राहायची थांबली, चूल विझली, की तेच छप्पर पुष्कळ आधी कुजतं. म्हणून तिथल्या जतन केलेल्या घरांमध्येही चूल पेटती ठेवावी लागते. रिकाम्या घराला निदान राहिल्याचा भास तरी द्यावा लागतो, तेव्हा ते टिकतं.

अर्थात, हात फिरत राहिला म्हणजे सगळंच सावरतं असं नाही. चीनच्या लोएस पठारावर मऊ मातीच्या कड्यात कोरलेल्या गुहाघरांमध्ये आजही फार मोठी वस्ती आहे. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, बांधकामाचं सामान जवळजवळ शून्य. १५५६ सालच्या भूकंपात त्याच घरांनी माणसं गाडली. त्या एका भूकंपातल्या मृतांचा आकडा आठ लाखांहून जास्त नोंदलेला आहे. उलट कच्छमधली ‘भुंगा’ नावाची गोल मातीची घरं २००१ च्या भूकंपात मोठ्या संख्येने उभी राहिली, कारण गोल भिंतीला तडकायला कोपरे नसतात आणि गवती छप्पर हलकं असतं. कोणत्या संकटाचा विचार करून घर घडलं आहे, हे राहायला जाण्याआधी विचारलं पाहिजे.

आता काँक्रीट. आपल्यातले बहुतेक जण ज्यात राहतात ते घर. त्याची फसवणूक अशी की ते हात मागत नाही असं वाटतं. सळई गंजत नाही, कारण ताज्या काँक्रीटमधला तीव्र अल्कधर्मी गुण तिच्याभोवती संरक्षक पापुद्रा धरतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत सरकत हा गुण मारत जातो. सळईवरचा काँक्रीटचा थर स्लॅबमध्ये साधारण २० मिलिमीटर आणि खांबात ४० मिलिमीटर हवा. बांधताना खाली टेकू न ठेवल्याने सळई फळीवर बसली, तर स्लॅबमध्ये तो जवळजवळ उरतच नाही आणि गंज फार लवकर पोचतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं. ती मिळाली नाही की ते काँक्रीट फोडतं. छताला सळईच्या रेषेत सरळ चीर दिसते, तिच्याकडेने तांबूस डाग येतात, मग ढलपी पडते.

इथे नेहमी एकच चूक होते: चीर लांबी (पुट्टी) भरून रंगवली जाते. गंज आत चालूच राहतो आणि पुढच्या वेळी ढलपी मोठी पडते. योग्य रीत अशी की पोकळ वाजणारं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, गंज घासून लोखंड चकचकीत करायचं, गंजरोधक लेप द्यायचा, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचं आणि ठरल्याप्रमाणे पाणी मारायचं. शिवाय ज्या वाटेने पाणी आलं ती बंद केली नाही, तर हा सगळा खर्च वाया. गच्चीला निदान १०० ला १ असा उतार हवा. संशय असेल तर पाइपांची तोंडं बंद करून २५ ते ५० मिलिमीटर पाणी भरायचं आणि एक-दोन दिवस खालचं छत निरखायचं. मात्र छत आधीच ढलप्या टाकत असेल, तर त्यावर हे वजन चढवण्यापूर्वी जाणकाराला विचारायचं.

इथवर मी हात फिरवण्याच्या कौशल्याबद्दल बोललो. पण तो फिरवायची मुभा कुणाला आहे? निवाऱ्याचा प्रश्न मला तरी इथेच खरा भिडतो.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९५० च्या दशकात प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत उभी राहिली. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० घरं. बांधायला सरकारने पैसे दिले, देखभाल मात्र भाड्यातून व्हायची होती. शहरातली माणसं कमी होत गेली, घरं रिकामी पडू लागली, भाडं आटलं, तशी दुरुस्ती थांबली. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसत; त्या बिघडल्या की वरच्यांचे हाल. भाडेकरूंनी १९६९ मध्ये भाडं रोखून धरलं. १९७२ मध्ये इमारती पाडायला सुरुवात झाली आणि १९७६ पर्यंत सगळ्या जमीनदोस्त झाल्या. त्या पाडापाडीचा दोष पुष्कळांनी वास्तुरचनेवर टाकला. मला तो अर्धवट वाटतो. राहणाऱ्यांच्या हातात पाना नव्हता आणि मालकाच्या हातात पैसा नव्हता, अशी कुठलीही इमारत तशीच संपली असती.

टोकियोतला नाकागिन कॅप्सूल मनोरा याच्या दुसऱ्या टोकाला. १९७२ साली उभा राहिलेला, १४० सुट्या खोल्या दोन गाभ्यांना चार-चार बोल्टांनी जोडलेल्या. दर पंचवीस वर्षांनी खोली काढून नवी बसवायची, अशी कल्पना. एकही खोली कधी बदलली गेली नाही. वरच्या काढल्याशिवाय खालची निघेना, आणि मालक निरनिराळे असल्याने एकमत होईना. २०२२ मध्ये सगळा मनोरा उतरवला. दुरुस्तीचा विचार इथे कागदावर होता, पण राहणाऱ्याला एकट्याने ती करता येईल अशी सोय नव्हती.

याउलट इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी सगळ्यात गरीब कुटुंबांसाठी सुमारे ३५ चौरस मीटरचे भूखंड आखले. जोतं आणि पाणी-संडासाचा गाभा तयार. बाकीचं कुटुंबाने जमेल तेव्हा, जमेल तसं वाढवायचं. चिलीमध्ये इकिके इथे २००४ च्या सुमारास सुमारे शंभर कुटुंबांना अर्धी घरं दिली गेली. जिना, स्वयंपाकघर, न्हाणी, सामाईक भिंती अशी अवघड आणि महाग कामं करून दिली, उरलेली अर्धी जागा मोकळी सोडली. लोकांनी ती भरली. एखाद्याची खिडकी वाकडी आहे, रंग शेजाऱ्याशी जुळत नाही. वास्तुविशारदांना हे खटकतं. मला वाटतं, अवघड ते आधी करून देणं आणि सोपं ते सोडून देणं यात राहणाऱ्याबद्दल खरा आदर आहे.

संकटातल्या निवाऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय मदत संस्था माणशी किमान ३.५ चौरस मीटर जागा धरतात. थंड प्रदेशात ४.५ ते ५.५. जॉर्डनमधल्या झातारी छावणीत २०१२ पासून आलेल्या सीरियन कुटुंबांनी मिळालेल्या पत्र्याच्या खोल्या जागच्या हलवल्या, समोरासमोर आणून मधे अंगण तयार केलं, काहींनी त्यात कारंजंही बसवलं. आखणीच्या सरळ रांगा त्यामुळे मोडल्या. छावणीचं वस्तीत रूपांतर होण्याची सुरुवात मात्र त्याच मोडतोडीतून झाली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातल्या २५ व्या कलमात निवारा आहे. १९९१ मध्ये त्यांच्या समितीने पुरेशा घराच्या सात अटी मांडल्या, त्यात पहिली आहे हुसकावून लावलं न जाण्याची कायदेशीर हमी. पाणी, परवडणं, राहण्यायोग्यता वगैरे नंतर. हा क्रम मला पटतो. उद्या बुलडोझर येईल अशी धास्ती असलेला माणूस छपराला ताडपत्रीच टाकतो, काँक्रीट ओतत नाही. बाहेरच्यांना तो आळस वाटतो. तो चोख हिशेब असतो. कागद हातात पडला की त्याच वस्तीत विटा, वाळू, सळ्या दिसायला लागतात.

जमिनीवर राहणारे शंखखेकडे रिकामा शंख मिळाला की आतून पोखरून, तोंड रुंद करून तो ऐसपैस करतात. त्यांनी सोडलेला शंख पुढच्याला आयता सुधारलेला मिळतो. कोरा शंख त्यांना तितका सोयीचा नसतो. माणसांची घरंही एकाकडून दुसऱ्याकडे जातात, पण आपण चावी देतो आणि माहिती घेऊन जातो. म्हणून प्रत्येक घराची एक वही असावी. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे. भिंत गिलाव्याने झाकण्याआधी काढलेले पाइप-वायरींचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी, कशाने केलं. पावसाळ्यात पहिल्यांदा ओल धरणारी भिंत कुठली. मैलाटाकीचं झाकण नेमकं कुठे पुरलं आहे आणि ती शेवटची कधी उपसली. घर काही महिने बंद ठेवायचं असेल तर काय करायचं, तेही लिहावं: मुख्य कॉक बंद, प्रत्येक जाळीत पाणी ओतून वर दोन चमचे तेल, म्हणजे ते लवकर उडत नाही; कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे आणि दारं किलकिली; पावसाळ्याआधी पाइपांची तोंडं साफ करायला एक माणूस ठरवलेला.

भेगांसाठी वहीत वेगळं पान ठेवावं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख टाकायची, सगळ्यात रुंद जागी माप घ्यायचं, आणि वर्षातून चारदा, चारही वेळा निरनिराळ्या हवामानात, तपासायचं. उन्हाळ्यात रुंद आणि हिवाळ्यात अरुंद, किंवा त्याउलट, अशी ये-जा करणारी भेग बहुतेक वेळा तापमानाची असते. ती लवचिक भरणाने बुजवता येते. फक्त वाढतच जाणारी, तिरकी, दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग बहुतेक वेळा पाया बसत असल्याचं सांगते. तिच्यासाठी रंगारी बोलावू नये, इमारतीचा सांगाडा तपासणारा इंजिनिअर बोलवावा आणि ती वही त्याच्यासमोर ठेवावी.